नवा जोडलेला कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? कोकणातल्या घरात दोष असा शोधा

नवीन पार्ट आणून हौसेने जोडलेला कॉम्प्युटर पहिल्याच आठवड्यात हँग व्हायला लागला की चहूकडून दोन सल्ले येतात: विंडोज परत टाक, नाहीतर रॅम बदलून बघ. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानाच्या काउंटरवरच दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) लावून खात्री करता येते. गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याकडे त्याच प्रोसेसरला चालणारा जादा मदरबोर्ड कोणाच्या घरात असणार? इथून पार्ट कुरियरने जातो, तपासून परत येतो, आणि नेमका दोष दुसऱ्याच पार्टात असला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोवर मुलांचा अभ्यास किंवा तुमचं काम खोळंबलेलं. म्हणून आपल्याकडे हातात आहे त्याच सामानात, एकेक पार्ट काढून आणि एकेक शक्यता खोडून दोष शोधावा लागतो. सुरुवात करायची भिंतीतल्या सॉकेटपासून.

लागणारं सामान थोडकं आहे: फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ८ किंवा १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक वही. वही सर्वांत महत्त्वाची. कधी हँग झाला, तेव्हा काय चालू होतं, लाईट नुकतीच येऊन गेली होती का, काय बदललं, हे त्या त्या वेळी लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन नीट चालायला लागलं, तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू झाला की हातात काहीच नसतं.

पहिली पायरी: हँग म्हणजे नक्की काय होतं?

मशीन अडकलं की लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का ते पाहा. माउसचा बाण हलतो का ते पाहा. तीन-चार मिनिटं थांबा.

दिवाही बदलत नाही, बाणही हलत नाही, गाणं चालू असेल तर एकाच सुरावर घरघरत राहिलंय: हे पूर्ण गोठणं. संशय रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसवर. बाण फिरतो पण काही उघडत नाही, विंडो पांढऱ्या पडतात आणि मिनिटभराने सगळं एकदम सुरू होतं: एसएसडी (विंडोज आणि फाइली साठवणारी डिस्क), तिची जोडणी किंवा तिचा ड्रायव्हर. पडदा काळा होतो पण आवाज चालू राहतो: ग्राफिक्स. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि चित्र परत आलं तर निम्मं निदान तिथेच झालं. आणि मशीन न अडकता आपोआप रीस्टार्ट होत असेल किंवा फटकन बंद पडत असेल, तर वीज, एसएमपीएस आणि उष्णता यांच्याकडे पाहा.

डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असलेलं मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहतो, कधी कधी कित्येक मिनिटं. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी वेग जुळवून घेत असतो. हे हँग होणं नाही. त्या वेळी वैतागून बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरी पायरी: भिंतीतला सॉकेट

किनारपट्टीवरच्या घरांत या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो. लांबच लांब गेलेल्या लाईनच्या शेवटी घर असतं, शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की बल्ब डीम होतो, वळवाच्या पावसात दहा वेळा लाईट येते-जाते. जुन्या चिरेबंदी घरात तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते.

त्याची खूण अंगाला कळते. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत वीज गाळायला जे कपॅसिटर असतात त्यांचं मधलं टोक कॅबिनेटला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून झटका बसत नाही, पण तोच दाब यूएसबी, एचडीएमआय आणि केबलच्या वायरीतून वाट शोधतो. अर्थिंग नाही म्हणून प्रत्येक मशीन हँग होतंच असं नाही. तरी यूएसबी मध्येच तुटणं, स्पीकरमधून घूं आवाज येणं आणि कारण न सापडणारं गोठणं ही तक्रार अशा घरांत एकत्र आलेली मी पाहिली आहे. आणि हँग होवो न होवो, अर्थिंगविना मशीन चालवणं धोक्याचंच.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर, २३०च्या वरच्या रेंजला ठेवा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास यायला हवं. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ मध्ये ६० किंवा ११० असा भलताच, हलता आकडा आला तर अर्थची वायर कुठेही जोडलेली नाही. न्यूट्रल-अर्थ पाचाच्या वर राहत असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रलचा जोड ढिला आहे. हे माप दोनदा घ्या, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी पंप-दिवे चालू असताना. विजेच्या कामाची सवय नसेल तर हात घालू नका, गावातल्या वायरमनला बोलवा. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मे महिन्यात त्याचा उपयोग जवळजवळ राहत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी घालत राहायला वायरमन सांगतो, ते मनावर घ्या.

आता इन्व्हर्टर आणि यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर मागे एक छोटा स्विच असतो, त्यावर यूपीएस मोड निवडलेला हवा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंखा-बल्बला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेम चालू असताना लाईट गेली की तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो. शिवाय असे स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना खरी साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देत नाहीत आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायची सोय) असलेले काही चांगले एसएमपीएस ती वीज नाकारतात. त्यामुळे यूपीएस असूनही लाईट गेली की मशीन बंद. परीक्षा सोपी आहे: एक पूर्ण दिवस यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून, हवा स्वच्छ असताना, मशीन थेट चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटवर चालवा.

एसएमपीएसबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला '५०० वॉट' एसएमपीएस नव्या ग्राफिक्स कार्डाला लावू नका. डब्यावरचं ८० प्लस हे प्रमाणपत्र वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. बजेट कमी असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण एसएमपीएस नामांकित घ्या. आणि तो कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.

तिसरी पायरी: कॅबिनेट उघडा

आपल्याकडची कित्येक मशीन मुंबईत जोडली जातात आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर तुतारी किंवा कोकणकन्येने, नाहीतर खासगी बसच्या डिकीतून गावाला येतात. घाटातल्या वळणांत आणि खड्ड्यांत जड कूलर हलतो, ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून केसभर उचकटतं. म्हणून मशीन इथे जोडलेलं असो वा तिथे, प्लग काढून, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज घालवून, आत नीट बघा.

प्रोसेसरला वीज देणारी वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर टक् आवाज येईपर्यंत बसली आहे का? मोठी चोवीस पिनांची? ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच वायरच्या दोन शेपट्या न वापरता एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. मदरबोर्डखाली जिथे भोक नाही तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) राहिला असेल तर तो बोर्डाला मागून शॉर्ट करतो. तो पाहायला बोर्ड उचलावा लागतो, कंटाळा करू नका.

कूलर काढला तर त्याच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म राहिली नाही ना पाहा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चारही पिना बोर्डाच्या मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आलेल्या दिसायला हव्यात. तीन बसून चौथी अर्धवट राहणं फार वेळा होतं. परत बसवताना प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची.

एक उदाहरण जवळून सांगतो. देवगडकडच्या एका कॉलेजच्या मुलाचं मशीन दर थोड्या वेळाने मिनिटभर अडकायचं, बाण मात्र फिरायचा. रॅम स्वच्छ, तापमान ठीक. कॅबिनेट आडवं करून टॉर्च मारला तर एम.२ एसएसडीचं (मदरबोर्डाच्या स्लॉटात आडव्या बसणाऱ्या पट्टीचं) मोकळं टोक बोर्डापासून बोटाच्या पेरभर वर उचललेलं. तिला दाबून धरणारा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रूच नव्हता. जोडताना तो हरवला असणार, आणि एसएसडी नुसत्या कनेक्टरच्या पकडीवर तग धरून होती. मदरबोर्डच्या डब्यातल्या छोट्या पुडीत जादा स्क्रू सापडला आणि त्रास थांबला. बोर्डाचा डबा आणि त्यातल्या पुड्या म्हणूनच फेकायच्या नसतात.

चौथी पायरी: बायोस मूळ स्थितीवर

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्राममध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग लावा. मात्र विंडोज ११ असेल तर त्याआधी एक काम: डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते आणि बायोसमधल्या बदलानंतर ती रिकव्हरी की मागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती साठवलेली आहे का बघून वहीत उतरवून ठेवा.

डिफॉल्ट लावलं की रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे डब्यावरचा वाढीव वेग देणारं सेटिंग, बंद होतं. डब्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ मग ४८०० वगैरे मूळ वेगाने चालेल. डब्यावरचा वेग हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे. प्रत्येक प्रोसेसर आणि बोर्ड तो पेलेलच याची खात्री नसते. चार रॅम लावल्या तर आणखी कठीण. मूळ वेगाने दोन-तीन दिवस मशीन न अडकता चाललं तर दोष सापडला: मधला एखादा वेग निवडा, किंवा बोर्डाच्या यादीत नाव असलेली रॅम घ्या.

मग बायोस अपडेट. नव्या मशीनला हे खरंच लागतं. एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं होतं की त्यांच्या रायझन प्रोसेसरमधल्या अंगभूत टीपीएममुळे (सुरक्षेच्या सोयीमुळे) काही मशीन मध्येच क्षणभर अडकतात, आणि उपाय नव्या बायोसमधून आला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले मोठे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. त्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसमार्फत दिला गेला आणि कंपनीने त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर अपडेट आजच करा. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र त्याने दुरुस्त होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो. आभाळ भरलेलं असताना हे काम काढायचं नाही, आणि चालणारा यूपीएस मध्ये हवाच.

पाचवी पायरी: तापमान

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम टाका. मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते, तेव्हा रिकामं मशीन ४० ते ५० दाखवेल, ते ठीक. रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जोराच्या कामात ९५ अंशांपर्यंत जातात आणि तसंच ते बनवलेले आहेत. इंटेलची मर्यादा बहुधा १००. काळजी तेव्हा, जेव्हा नुसत्या बायोसच्या पडद्यावर बसल्या बसल्या आकडा ८०-९०वर चढतो. तसं झालं तर परत तिसऱ्या पायरीवर, कूलरकडे.

सहावी पायरी: रॅमची रात्रभर परीक्षा

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. मोफत आवृत्ती चार पास (पूर्ण फेऱ्या) करते, मोठ्या रॅमला कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपा. नियम कडक आहे: एकही चूक चालत नाही. लाल ओळ दिसली की एक रॅम काढून दुसरी एकटी, त्याच स्लॉटमध्ये तपासा, मग पहिली. एकच रॅम चुका देत असेल तर दोष रॅममध्ये. दोन्ही एका स्लॉटमध्ये चुका देत असतील आणि दुसऱ्यात नाही, तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना. पडद्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, वॉरंटीला लागतो.

सातवी पायरी: विंडोजची नोंदवही

इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम पाहा. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसेल आणि नवखी माणसं ते वाचून थेट एसएमपीएस बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नाही. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी तीच नोंद होते. कामाच्या नोंदी तिच्या आधीच्या मिनिटांत असतात. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३, किंवा storahci अथवा stornvme या नावाने १२९ असेल तर एसएसडी, तिची केबल किंवा स्लॉट. देवगडकडच्या त्या मशीनमध्ये १२९ची रांगच लागली होती. व्हीया-लॉगर (WHEA-Logger) १८ असेल तर प्रोसेसर किंवा त्याचं व्होल्टेज. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत बघा आणि कंपनीच्या टूलमधून तिचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) अद्ययावत करा.

आठवी पायरी: कमीत कमी सामानावर चालवा

अजून सापडलं नसेल तर मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नसेल तर त्यात बहुधा स्वतःचं ग्राफिक्स असतं. कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला जोडा. एसएसडीही काढा आणि उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून, न बसवता चालवा. तासन्‌तास व्हिडिओ लावून ठेवा. उबुंटूवरही गोठलं तर विंडोज निर्दोष, उरलेल्या चार-पाच पार्टांतच चोर आहे. गोठलं नाही तर एकेक पार्ट परत लावत जा आणि प्रत्येकानंतर एक दिवस द्या. ग्राफिक्स कार्ड लावल्यावरच अडकायला लागलं तर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका, मगच कार्डाला दोष द्या.

काही मशीन काम करताना कधीच अडकत नाहीत, नुसती बसली की गोठतात. रायझन असेल तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल शोधून टिपिकल करंट आयडल निवडा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा.

खारी हवा आणि पावसाळा

नवं मशीन खाऱ्या हवेने आठवड्यात बिघडत नाही, पण पार्ट जोडण्याआधी दोन पावसाळे पडवीच्या कपाटात राहिले असतील तर रॅमचे सोनेरी संपर्क मंद पडलेले दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापड ओलं करून पुसा. समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नका. मिरगापासून पुढे रोज तासभर तरी मशीन चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. २०२०च्या निसर्ग वादळानंतर काही गावांत लाईट यायला आठवडे लागले होते. इतके दिवस बंद राहिलेलं मशीन आधी उघडून, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवून, मुंग्या किंवा पालीची अंडी आहेत का बघून मगच चालू करायचं. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर राउटरची लॅन वायरही काढा.

पार्ट पाठवायची वेळ आली तर

सीरियल नंबर, बिल आणि डब्याचे फोटो आधी काढा. मदरबोर्ड पाठवताना सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो घेऊन त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण लावाच. पिना वाकलेल्या दिसल्या की वॉरंटी नाकारतात. पार्ट अँटिस्टॅटिक पिशवीत, वर जाड प्लॅस्टिक, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी. आणि तक्रारीत 'हँग होतो' एवढंच लिहू नका. 'ही रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी, मूळ वेगाने लावली असता मेमटेस्ट८६च्या दुसऱ्या पासमध्ये चुका. दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये चार पास स्वच्छ. फोटो सोबत' असं लिहा. बदली पार्ट आला की तो विंडोज सुरू करायच्या आधी पुन्हा एक रात्र मेमटेस्टवर चालवा.